लग्न खरं आहे असं लिहून देतो

४ फेब्रुवारी

ती. दादा,

नमस्कार. लग्नाचं कळवणारं माझं पत्र तू वाचलंस, एवढं वहिनीकडून कळलं. ती म्हणाली, "वाचलं आणि घडी घालून कपाटात ठेवलं." फाडलं नाहीस, एवढ्या धीरावर पुन्हा लिहितेय.

चोपन्नाव्या वर्षी कुणाला विचारून लग्न करायचं, असं तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं. पण बाबा गेल्यापासून माझ्या प्रत्येक फॉर्मवर पालक म्हणून तुझी सही होती. तुला नंतर कळवलं याचं मला वाईट वाटतं. लग्न केल्याचं मात्र वाटत नाही. दोन्ही एकदम सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं.

काम असं आहे. मी ज्या वृद्धाश्रमात नर्स होते तो बंद पडला आणि नोकरीशी बांधलेलं माझं परमिटही गेलं. आता इथल्या नागरिकाची बायको म्हणून राहायची परवानगी मागितलीय. अर्जाचा निकाल लागेपर्यंत मी देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज आपोआप रद्द होतो, नाहीतर मीच आले असते तुझ्यासमोर शिव्या खायला. इथल्या इमिग्रेशन ऑफिसला माझा जन्मदाखला हवाय, शिक्क्यासकट. मी म्हटलं, पासपोर्ट आहे की. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "पासपोर्टवरून तुम्ही आहात हे कळतं. जन्मलात कुठे ते कळत नाही."

एवढं करशील का? वहिनीला सांगितलं असतं, पण ऑफिसात उभं राहून काम करून घेणं तुलाच जमतं.

तुझी,
ठकू


२६ फेब्रुवारी

चि. ठकू,

दाखला सोबत आहे. दोन प्रती आहेत, एक जपून ठेव.

तुझ्या जन्माच्या नोंदीत नाव नव्हतं. नुसतं "मुलगी" एवढंच. नाव घालायला कुणी गेलंच नसावं. शाळा सोडल्याचा दाखला, माझं प्रतिज्ञापत्र आणि चार खेपा, असं करून नाव चढवलं. कारकुनाने विचारलं, "जन्माच्या वेळी तुम्ही हजर होता?" म्हटलं, "मी बारा वर्षांचा होतो. पाळण्याची दोरी माझ्याच हातात असायची." ते त्याने लिहून घेतलं नाही.

आता एक विचारतो. मी बँकेत उभा जन्म सह्या तपासण्यात घालवला. घाईत केलेली सही मला लांबून कळते. आश्रम बंद झाला ऑगस्टमध्ये, परमिटची मुदत सप्टेंबरअखेर आणि लग्न सप्टेंबरच्या मध्यावर. हे लग्न तू कागदासाठी केलंस का? केलं असशील तर सरळ सांग, इकडे यायला विमानं आहेत. आणि त्या माणसाने घरात फुकटची नर्स यावी म्हणून केलं असेल तर तेही मला कळलं पाहिजे.

वहिनी बरी आहे. मीही.

दादा


१५ मार्च

ती. दादा,

दाखला मिळाला. खिडकीतल्या बाईंनी शिक्क्यावरून बोट फिरवून पाहिलं आणि मान डोलावली. तुझ्या चार खेपा कामी आल्या.

तारखा तू बरोबर लावल्यास. इथल्या ऑफिसनेही अगदी त्याच लावल्यात. म्हणून तुला तेच सांगते जे त्यांना सांगितलं. घाई कागदामुळे झाली. लग्न कागदामुळे झालं नाही.

तो सुतार आहे. दारं-खिडक्या बसवतो, जुन्या खुर्च्यांना पाय लावून देतो, बोलतो फार कमी. त्याची बायको पूर्वीच वारली. त्याची आई माझ्याकडे तीन वर्षं होती. दर रविवारी यायचा, तिच्याजवळ बसायचा आणि बसल्याबसल्या काहीतरी दुरुस्त करायचा. कधी खिडकीची कडी, कधी कुणाच्या काठीची मूठ. मग त्याची आई गेली. पुढच्या रविवारी बघते तर हा हत्यारांची पेटी घेऊन हजर. म्हणाला, "जेवणघराचं दार घासतंय." त्यानंतर दोन वर्षं आमच्या आश्रमात एकही दार घासलं नाही. मला वाटायचं, आईची सवय सुटत नसेल बिचाऱ्याची. एका रविवारी माझी सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी झाडूवाली म्हणाली, "तुमचा सुतार आला होता. तुम्ही नाही म्हटल्यावर पेटी न उघडताच गेला." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नर्सला एवढा वेळ लागावा, म्हणजे बघ.

आश्रम बंद व्हायची नोटीस लागली तेव्हा मी त्याला म्हटलं, आता मी भावाकडे परत जाणार. त्याने कानस पुसून पेटीत ठेवली. मग म्हणाला, "तुला जायचंय की जावं लागतंय?"

दादा, मी म्हटलं, जावं लागतंय. तोंडून गेलं आणि माझी मीच चमकले. तुझ्या घरी मला कधी काही कमी पडलं नाही. तरी तेच खरं होतं. बाकी आमच्यात नर्सिंग म्हणशील तर आजवर त्याच्या बोटात गेलेलं लाकडाचं एक कुसळ काढलं, तेवढंच.

आता नवीन घोळ. ऑफिस म्हणतं, नवरा-बायको एकत्र राहता तर दोघांच्या नावचं बँक खातं दाखवा. बँक म्हणते, राहायच्या परवानगीचं कार्ड दाखवा, मग खातं उघडू. मी दोन्हीकडे गोड बोलून पाहिलं, रडून पाहिलं, एकदा चढ्या आवाजातही बोलून पाहिलं. काउंटरवरची मुलगी फार चांगली आहे, पाणी आणून देते. खातं देत नाही.

तुझी,
ठकू


२ एप्रिल

चि. ठकू,

बँकेचं आधी लिहितो.

संयुक्त खात्याचा हट्ट सोड. काउंटरवर ज्याला अधिकार नसतो त्याच्याशी भांडून उपयोग नाही, ती पोरगी नियमाबाहेर जाऊ शकत नाही आणि तिने जाऊही नये. असं विचार, की खातं त्या गृहस्थांच्या एकट्याच्याच नावावर राहू दे, फक्त त्यावर व्यवहार करायचा अधिकार तुला देता येईल का. आमच्याकडे म्हातारी माणसं मुलाला द्यायची तसा. त्यात तू खातेदार होत नाहीस, म्हणून कार्डाचा प्रश्न बहुधा येणार नाही. पण तुझी सही बँकेत नोंदली जाईल आणि दोघांची नावं असलेलं पत्र मिळेल. ऑफिसला नावं एकत्र हवी आहेत, खात्याचा प्रकार कोण बघतो. मॅनेजरची वेळ घेऊन जा. सकाळी जा, जेवणाच्या आधी माणूस हो म्हणायला तयार असतो, पोट भरलं की उद्या या म्हणतो.

विजेच्या बिलावरही तुझं नाव घालून घ्या. वीज कंपन्या फारसे प्रश्न विचारत नाहीत.

त्या गृहस्थांची सही कशी आहे? दर वेळी सारखी येते का? सुतारांचा हात स्थिर असतो, यायला हरकत नाही.

बाकीचं वाचलं.

दादा


९ मे

ती. दादा,

तू म्हणालास तसंच झालं. आम्ही सकाळी गेलो. मॅनेजरने एक फॉर्म काढला, त्याच्या खाली आणखी एक काढला आणि म्हणाला, "हे तुम्ही आधी का नाही विचारलंत?" नवऱ्याने सात ठिकाणी सह्या केल्या, सातही एका साच्यातल्या. मी तुझ्या वतीने तपासल्या. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुझा भाऊ न बोलताही किती कामं करतो." वीज कंपनीने तर एका फोनवर नाव घातलं. माझं आडनाव चुकवलं, ते दुरुस्त करायला मात्र तीन आठवडे गेले.

इथवर चांगलं. पुढचं चांगलं नाही.

परवा मुलाखत झाली. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात आणि तेच प्रश्न विचारतात. मी नर्सिंगच्या परीक्षेला केला नसेल एवढा अभ्यास केला होता. त्याच्या बुटाचं माप, त्याच्या शाळेचं नाव, त्याच्या पहिल्या बायकोचं आजारपण, सगळं तोंडपाठ. माझं एकही उत्तर चुकलं नाही. त्याची मात्र भंबेरी उडाली. माझा वाढदिवस चुकवला. आदल्या रात्री काय जेवलो ते आठवेना. मी चहात साखर घेते का, तर म्हणाला, "तिला विचारून सांगतो." मग अधिकारी बाईंनी विचारलं, "त्यांच्या घरचं लग्नाला कोण आलं होतं?" "कुणी नाही." "का?" "तिचा भाऊ रागावलाय." हे एकच उत्तर त्याने न अडखळता दिलं.

काल ऑफिसचं पत्र आलं. मुदत संपता संपता झालेलं लग्न, जुळत नसलेली उत्तरं आणि माहेरच्यांचा काही संबंध दिसत नाही, म्हणून लग्नाच्या खरेपणाबद्दल शंका आहे, असं लिहिलंय. मला जन्मापासून ओळखणाऱ्या नातेवाइकाचं सहीचं निवेदन त्यांना जूनअखेरपर्यंत हवंय. नाही दिलं तर अर्ज फेटाळतील आणि मला देश सोडावा लागेल. त्यानंतर बायको म्हणून पुन्हा अर्ज करायला निदान तीन वर्षं थांबावं लागतं.

जन्मापासून मला ओळखणारं आता तुझ्याशिवाय कोण उरलंय? लिहिशील का, दादा?

तुझी,
ठकू


६ जून

चि. सौ. ठकू,

आशीर्वाद. हे पत्र मी भाजी आणायला जाते म्हणून बाहेर पडून पोस्टात उभी राहून लिहितेय, त्यामुळे अक्षर असंच येणार.

तुझं मेमधलं पत्र आल्यापासून हे रोज सकाळी टेबलाशी बसतात. लिहितात आणि फाडतात. मी परवा केराच्या टोपलीतला कागद उलगडून पाहिला. "माझ्या बहिणीचा विवाह आमच्या संमतीने व आनंदाने" एवढं लिहून खोडलं होतं. मी म्हटलं, एवढं लिहून पाठवून द्या की, तिचं काम होईल. तर माझ्यावरच डाफरले, "मी आजवर खोट्यावर सही केलेली नाही."

तुला माहीत नाही ते सांगते. गेल्या उन्हाळ्यात आश्रम बंद होणार असं तू कळवलंस, तेव्हा यांनी गच्चीवरची खोली तुझ्यासाठी नीट करून घेतली. रंग दिला, गुडघे दुखतात म्हणालीस म्हणून जिन्याला कठडा बसवला. तुला सांगू नकोस म्हणाले, आल्यावर बघेल. आणि मग तुझं लग्नाचं पत्र आलं. राग तुझ्या नवऱ्यावर नाही गं. तू आता परत येणार नाहीस, याचा आहे. ते स्वतः हे कधी बोलणार नाहीत. तुझा फोन आला की हे चपला घालून बाहेर फेऱ्या मारतात आणि परत आल्यावर विचारतात, "किती वेळ बोलत होती?"

मी हे लिहिलं ते सांगू नकोस. तुझ्या नवऱ्याला माझा नमस्कार सांग.

तुझी,
वहिनी


१७ जून

ती. दादा,

ऑफिसकडे अर्ज करून जुलैअखेरपर्यंतची मुदत वाढवून घेतलीय. याहून जास्त मिळणार नाही म्हणाले.

मी तुला चुकीचं मागितलं, असं आता वाटतंय. संमतीने, आनंदाने असं काही लिहायची गरज नाही. तू रागावला आहेस तर रागावलोय असं लिही. तुला जे खरं वाटतं तेवढंच लिही आणि ते माझ्या विरुद्ध गेलं तरी पाठव. काहीच लिहिलं नाहीस तर मी समजेन, आणि मग तुझ्याकडेच येईन. आले तर तोंड पाडून येणार नाही. तू आणि वहिनी आहात तिथे मी आनंदाने राहीन. फक्त तीन वर्षं माझ्या मागे इथे एक माणूस एकटा राहील, आणि तो साठीला आलाय. तेवढं तू जाणून असावंस.

तो रोज टपालपेटी बघतो आणि मला सांगतो, "वीजबिल आलंय." दुसरं काही आलं नाही, हे त्याला तोंडाने म्हणवत नाही.

तुझी,
ठकू


१ जुलै

चि. ठकू,

निवेदन सोबत जोडलं आहे. नोटरीसमोर सही केली आहे. भाषांतर करणाऱ्याला सांग, शब्द सौम्य करू नकोस.

दादा

*निवेदन*

*मी खाली सही करणार, निवृत्त बँक अधिकारी, वय सहासष्ट, अर्जदार बाईंचा सख्खा मोठा भाऊ, लिहून देतो की:*

*माझ्या बहिणीने मला न कळवता लग्न केलं. कळल्यावर मला अतिशय राग आला. तेव्हापासून आजवर मी तिच्याशी फोनवर एक शब्दही बोललेलो नाही. तिच्या नवऱ्याला मी पाहिलेलं नाही. हे लग्न मला पसंत होतं का असं विचाराल, तर नव्हतं.*

*हे लग्न नुसतं कागदावरचं असावं, अशी आपल्या ऑफिसला शंका आहे. तीच शंका मला होती आणि मी तिला तसं लेखी विचारलं. तिने जे उत्तर दिलं ते वाचून माझा राग वाढला, कारण ते खरं होतं.*

*कागदासाठी लग्न करायचं असतं तर तिने सगळ्यात आधी मला सांगितलं असतं. "दादा, असं असं नाटक करतेय, मनाला लावून घेऊ नकोस," असं म्हणाली असती, आणि मी लावून घेतलं नसतं. माझी बहीण खोट्या गोष्टीसाठी मला दुखावणार नाही. मला सांगायची तिला भीती वाटली, कारण मी नको म्हटलं असतं तरी ती ऐकणार नव्हती. तिला मी लहानाची मोठी केली. तिने आजवर माझं एकही म्हणणं मोडलं नव्हतं. ते पहिल्यांदा या माणसासाठी मोडलं.*

*तो मुलाखतीत चुकला असं कळलं. माझ्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. माझ्या बायकोचा वाढदिवस मलाही विचारून सांगावा लागेल.*

*हे लग्न खरं आहे असं मी लिहून देतो. ते खोटं असतं तर मी एवढा रागावलो नसतो.*


२४ ऑगस्ट

ती. दादा,

कार्ड आलं. पाच वर्षांचं आहे. फोटोत मी चोरासारखी दिसते, पण कार्ड माझंच आहे. आता मला नोकरी करता येईल, केव्हाही देशाबाहेर जाता येईल आणि परत येता येईल.

झालं ते सांगते. इथल्या अधिकृत भाषांतरकार म्हणून एक वयस्कर बाई आहेत, आपली भाषा त्या लहानपणी घरी शिकल्या. त्यांनी तुझं निवेदन वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "यात सौम्य करण्यासारखं काही नाही," म्हणाल्या. मग ते अधिकारी बाईंकडे गेलं. आम्हाला दोघांना पुन्हा बोलावलं, या वेळी एकाच खोलीत. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "तुमचा भाऊ अजून रागावलाय का?"

मी म्हटलं, "चार खेपा घालून माझा जन्मदाखला त्यानेच काढला. बँकेचा मार्गही त्यानेच सांगितला."

"मी ते नाही विचारलं."

"हो," मी म्हटलं, "अजून रागावलाय."

त्या थोडं हसल्या. माझ्याकडे बघून नाही, कागदाकडे बघून. मग नवऱ्याला विचारलं, "चहात साखर घेतात का या?" तो म्हणाला, "दोन चमचे. परवा विचारून घेतलं." त्यांनी शिक्का मारला.

घरी आल्यावर त्याने मला तुझं निवेदन आपल्या भाषेत वाचायला लावलं. त्याला त्यातलं अक्षर कळत नाही, तरी ऐकायचं होतं. तुझं बोलणं कानाला कसं लागतं ते बघायचं म्हणाला. वाचून झाल्यावर त्याने कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाला, "त्याने माझ्याबद्दल एकही चांगलं वाक्य लिहिलं नाही. आणि मला बायको मिळवून दिली." माझ्या नवऱ्याने एका दमात इतकं बोललेलं मी दुसऱ्यांदाच ऐकलं.

निवेदनातलं शेवटून दुसरं वाक्य मी त्याला पुन्हा एकदा वाचून दाखवलं. पुढचं काही लिहीत नाही. तुला कळेल.

तुझी,
ठकू


९ सप्टेंबर

चि. सौ. ठकू,

कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून वेगळी ठेव. मुदत संपायच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज कर, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

आता तुला ये-जा करता येते, तर एका कामाचं लिहितो. लग्न झालेली मुलगी माहेरपणाला येते. तू या घरातून सासरी अशी गेलीच नाहीस, त्यामुळे तुझं माहेरपण राहून गेलंय. वहिनी म्हणते, डिसेंबरात ये, हवा बरी असते. चार दिवसांसाठी येऊ नकोस. चांगली महिनाभर राहा. उशिरा उठायचं आणि कशाला हात लावायचा नाही. इथे कुणाला ब्लड प्रेशर बघून हवं असेल तर मी बाहेरच्या बाहेर परत पाठवीन.

जावईबापूंना एकट्याला ठेवून येऊ नकोस. त्यांना आपल्या इथला व्हिसा लागेल. आता परके ते आहेत, तेव्हा ऑफिसांच्या रांगा त्यांच्या वाट्याला. फोटो कोऱ्या भिंतीसमोर काढायला सांग, चष्म्याशिवाय. फॉर्मवर सही पासपोर्टवर आहे तशीच हवी, पण त्यांच्याबाबतीत ती काळजी नाही.

निमंत्रक म्हणून मला भरायचा फॉर्म मी काल भरला. नाव, पत्ता, पाहुण्याशी नातं, सगळं व्यवस्थित गेलं. "येण्याचं कारण" इथे अडलो. पर्यटन, व्यवसाय, वैद्यकीय उपचार, असे छापील पर्याय दिलेले. एकही बसेना. वहिनी म्हणाली, पर्यटन लिहा आणि मोकळे व्हा. पण ते खरं नाही. शेवटी "इतर" वर खूण केली आणि पुढच्या कोऱ्या जागेत लिहिलं: बायकोला माहेरी पोचवणे व परत घरी नेणे.

दादा